खिडकीतले दोन कॅलिपर

त्या सकाळी मी दूध तापवले, भांडी घासली, चादरी भिजवल्या आणि स्वयंपाकघराची खिडकी पुसायला घेतली. खिडकीच्या कट्ट्यावर वर्तमानपत्र पसरून यांनी गाडीच्या पुढच्या चाकांचे दोन कॅलिपर लाल रंग देऊन वाळत ठेवले होते. ब्रेक दाबला की चाकामागच्या तबकडीला चिमट्यासारखा धरतो, तो हा लोखंडी भाग. "हात लावू नकोस हं," एवढे बजावून हे शाळेत गेले. मी दोन्ही उचलून टेबलावर ठेवले, कट्टा पुसला आणि पुन्हा जागच्या जागी ठेवले. निदान मला तसे वाटले.

हे मला अजून लख्ख आठवते, यावरून माझे डोके ठिकाणावर आहे असे वाचणाऱ्याने समजावे. वय एकाहत्तर. गुडघे सोडले तर तब्येत ठीक. कोणाच्या दडपणाखाली न येता आणि कोणी भरीस न घालता मी हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. शाळा सातवीपर्यंत झाली, पुढचे सगळे ग्रंथालयात शिकले. तेव्हा कायद्याची भाषा कुठे चुकली असेल तर अर्थ धरावा, शब्द धरून बसू नये. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. राहते घर माझ्या एकुलत्या मुलीला द्यावे. जिन्याखालची खोली पाडून न्हाणीघर मोठे करायचा तिचा जुना बेत आहे. मी असताना नको म्हटले, नंतर खुशाल करावे. फक्त दाराच्या चौकटीवर तिची उंची मोजलेल्या पेन्सिलच्या खुणा आहेत, त्यांवर रंग देऊ नये. त्या यांच्या हातच्या आहेत.

कलम २. बँकेत असेल ते तिचेच.

कलम ३. पुस्तके ग्रंथालयाला द्यावीत. समासातली माझी टिपणे खोडू नयेत. काही चुकीची आहेत, पण ती मी विचार करून चुकले आहे.

कलम ४. शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी आमची शिडी नेली त्याला कित्येक वर्षे झाली. मागायला गेले की "कसली शिडी, वहिनी?" म्हणतात, आणि ती त्यांच्या मागच्या भिंतीला टेकलेली मला इथून दिसते. ती शिडी मी त्यांनाच देत आहे. माझा राग त्याबरोबर संपला, जवळजवळ.

कलम ५. आता गाडी.

गॅरेजात उभी आहे ती दोन माणसांची जुनी स्पोर्ट्स कार. हे शाळेत भूमिती शिकवत आणि सुट्टीच्या दिवशी तिच्याखाली आडवे असत. आणली तेव्हा तिला टप नव्हता. पहिल्या फेरीत माझ्या वेणीचा पार झाडू झाला. "कशी वाटली?" म्हणून यांनी विचारले, तर माझ्या तोंडात धूळ होती, मला बोलताच येईना. हे इतके हसले की गाडी बाजूला घ्यावी लागली. संसारात मला पुष्कळ काही मिळाले, पण ते हसणे वेगळेच होते.

तिच्या ब्रेकचा मास्टर सिलिंडर आतून गंजला. पेडलच्या जोराने ब्रेकचे तेल चाकांकडे ढकलतो तो हा. इतक्या जुन्या गाडीचा नवा कुठे मिळेना, म्हणून यांच्या धाकट्या भावाने, म्हणजे आमच्या भाऊजींनी, आपल्या दुकानातल्या लेथवर त्याच्या आत पितळी नळी बसवून दिली. सिलिंडर त्यांच्याकडे होता त्याच आठवड्यात यांनी कॅलिपर काढून रंगवले.

सगळे परत जोडले आणि तेलातली हवा काढायला बसलो. हे दोन माणसांचे काम. मी आत पेडलवर, हे चाकाशी जमिनीवर.

"दाब. धर. धर म्हटलं ना! हं, सोड."

"अजून किती वेळा?"

"हवा जाईपर्यंत, राणीसरकार."

दुपार झाली तरी पेडल मऊच राहिले. पहिल्या दाबाला पाय खोल जाई, तिसऱ्याला कुठे ब्रेक लागे. हे तडक भाऊजींच्या दुकानात गेले. मी मागोमाग. तिथे गिऱ्हाइके उभी होती.

"तुझं काम कच्चं आहे," हे सर्वांसमोर म्हणाले. "त्या नळीतूनच हवा शिरते."

"दादा, काढून आण. दाब देऊन दाखवतो. एक थेंब गळला तर लेथ विकून टाकतो."

"माझ्या बायकोला घेऊन फिरतो मी त्या गाडीत. तुला कळतंय का काही?"

भाऊजींनी हातातला पाना खाली ठेवला आणि ते आत निघून गेले. त्यानंतर अकरा वर्षे दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. गाडी आम्ही हळू, तीनदा पेडल मारत चालवली. तीन वर्षांपूर्वी हे हृदयविकाराने गेले. गाडीचा त्यात काही दोष नाही. भाऊजी आले, फाटकाशी उभे राहिले, माझ्याकडे बघून मान हलवली आणि परत गेले.

हे गेल्यावर मला घरात बसवेना, म्हणून मी गॅरेजात बसू लागले. गाडीचे जाडजूड पुस्तक होते, ते शब्दकोश शेजारी घेऊन वाचले. चार महिने लागले. त्यात एका पानावर लिहिले होते की हवा तेलाच्या वर चढते, म्हणून हवा काढायचा स्क्रू कॅलिपरच्या वरच्या टोकाला असला पाहिजे. मी बॅटरी घेऊन चाकामागे पाहिले. स्क्रू खालच्या टोकाला होता. दुसऱ्या चाकाचाही. उजवा कॅलिपर डावीकडे लागला होता, डावा उजवीकडे, आणि वरची हवा बिचारी खाली कशी येणार?

डावा डाव्या हाताला, उजवा उजव्या हाताला, असे यांनी कट्ट्यावर मांडून ठेवले होते. अदलाबदल माझ्या हातून झाली.

मुलीला बोलावले, दोघींनी कॅलिपर काढून ज्याच्या त्याच्या बाजूला लावले. तिने पेडल दाबले, मी खाली आडवी झाले. "आई, या वयात काय हे?" "बोलू नकोस, दाब." स्क्रूला लावलेल्या नळीतून बाटलीत बुडबुडेच बुडबुडे आले. मग पेडल पहिल्या दाबाला दगडासारखे लागले. सिलिंडर भाऊजींचाच. त्यांचे काम चोख होते, आणि आजही आहे, हे मी येथे लिहून देते.

याला दोन वर्षे झाली. मी कोणाला बोलले नाही. सांगितले तर भाऊजींचे नाव स्वच्छ होईल, पण यांनी सख्ख्या भावाला उगीच तोडले असे होईल, आणि तेही माझ्यामुळे. तेव्हा ठरवले की गाडी भाऊजींना लिहून द्यावी आणि कारण माझ्या मागे त्यांना वाचून दाखवावे.

कलम ६. इथपर्यंतचा मसुदा साक्षीसाठी ग्रंथपाल बाईंना दिला. त्यांनी चष्मा काढला.

"ताई, हे दीर राहतात कुठे?"

"दोन थांबे पुढे."

"वय?"

"अडुसष्ट."

"मग आधी तुम्हीच जाणार, हे कोणी ठरवलं?"

त्याच दिवशी संध्याकाळी मी भाऊजींच्या दुकानात गेले. त्यांनी लेथ बंद केला. मी उभ्यानेच सगळे सांगितले, खिडकीपासून मृत्युपत्रापर्यंत. त्यांनी हात पुसले.

"दोन वर्षं, वहिनी? दादाचं सोडा, तो गेला. तुम्ही दोन वर्षं काय करत होता?"

"घाबरत होते."

"आणि आता गाडी देऊन मोकळ्या होणार?"

त्यांनी स्टूल पुढे ओढले आणि मला बसायला लावले.

"साक्षीला कोण आहे?"

"ग्रंथपाल बाई. दुसरं कोणी ठरलं नाही."

"मग मी. माझं काम चोख होतं असं ज्यात लिहिलंय, त्या कागदावर माझी सही पाहिजे."

मी म्हटले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, मी वाचले आहे.

"म्हणून तर," भाऊजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी गाडी मुलीच्या नावे लिहिली आणि बाकी कलम तसेच ठेवले.

लिहून देणार: सही

आम्हा दोघांसमक्ष त्यांनी सही केली, आणि त्यांच्यासमक्ष आम्ही.
साक्षीदार १: ग्रंथपाल बाई, सही
साक्षीदार २: धाकटे दीर, लेथवाले, सही

स्थळ: राहत्या घरी, गॅरेजात
दिनांक: ९ नोव्हेंबर, सकाळी