अज्जांच्या आवाजाचं कुलूप

५ फेब्रुवारी २००६
आजपासून रोजनिशी. मला लिहाय-वाचाय येत न्हाय, तेव्हा मी सांगायचं आणि सून विद्याश्रीनं लिहायचं. ती म्हणाली, अत्ती, थोडक्यात सांगा, मला शाळेचे पेपर तपासायचेत. म्हटलं, मी जन्मात कधी जास्त बोलले न्हाय, घाबरू नको.
माझे मालक गेले, लिंगैक्य झाले, त्याला महिना होत आला. मला काही वाटत न्हाय. जेवते, झोपते. भेटायला येणारे माझ्या तोंडाकडं बघतात, मी त्यांच्या चपलांकडं.

९ फेब्रुवारी
नातू सौमित्र घरी बसूनच कॉम्प्युटरचं काम करतो. नेमकं काय करतोस, विचारलं. म्हणाला, अज्जी, कॉम्प्युटरच्या अगदी आत, सगळ्यांना कामं वाटून देणारा असतो तो कर्नल. माहितीला कुलूप लावायचं काम एका वेगळ्या कार्डाकडं. दोघांत बोलणी करतो तो ड्रायव्हर. आजवर कर्नल कार्डाला काम द्यायचा आणि ते होईतोवर तिथंच उभा राहायचा. मी ती पद्धत बदलतोय.
म्हटलं, म्हणजे गिरणीत डबा ठेवायचा आणि भाजीला जायचं. पीठ झालं की गिरणीवाला हाक मारील.
व्हय की, म्हणाला, एवढंच.
एवढ्यासाठी पोरगं वाळून गेलंय.

१४ फेब्रुवारी
घोटाळा. दसऱ्याला सौमित्रनं मालकांचा आवाज रेकॉर्ड केला होता. शाहूपुरीत गुळाची अडत कशी सुरू केली, ते त्यांच्या तोंडून यावं म्हणून. ते रेकॉर्डिंग त्यानं आपल्याच नव्या ड्रायव्हरनं कुलूप लावून ठेवलं. ट्रायल म्हणे. दुसरी कॉपी न्हाय. ड्रायव्हरमध्ये तेव्हा एक चूक होती. पुढं त्यानं ड्रायव्हर दुरुस्त केला आणि आता कुलूप निघेना. ज्या चुकीनं लावलं, त्याच चुकीनं निघणार. चूक तर पुसून टाकलेली, आणि नेमकी कुठली ते त्याला आठवत न्हाय. डोकं धरून बसलाय.
त्याला म्हटलं, मला काय करायचाय आवाज? सगळा संसार तेच तर ऐकलं. ते सांगत, मी गप ऐकत बसे.
ठरवलं, त्याच्या खोलीत जायचं न्हाय. गिरणीसारखं, डबा ठेवला की यायचं.

१५ फेब्रुवारी
गेले होते. चहा द्यायला. एक अक्षर बोलले न्हाय. फक्त निघालं का एवढं विचारलं, मग खिडकी उघड म्हटलं, मग उचगावच्या आकारामनं तिजोरीची किल्ली आडात टाकली होती ते सांगितलं, आणि त्याच्या बायकोनं पुढं काय केलं ते. सौमित्र म्हणाला, अज्जी, मी कुठपर्यंत आलतो तेच विसरलो.
हल्लीच्या पोरांचं ध्यानच न्हाय.

२१ फेब्रुवारी
सौमित्र म्हणाला, अज्जी, तू जुना कर्नल हायस, दारातनं हलत न्हाईस. मी गुडघ्यामुळं उभी होते. बसलं की उठता येत न्हाय.
उद्यापासून नक्की जायचं न्हाय.

२ मार्च
दुपारी लाईट गेली. खोलीत अंधार, तरी सौमित्र बंद कॉम्प्युटरपुढं बसून. शिकलेलं पोर दिवसभर मुद्दाम चुका करून बघतंय, एक झाली की दुसरी. त्याचं काम तपासणारा परदेशातला एक पावणं हाय. त्यानं मेल केला की नवं काम चांगलं झालंय, जुनी चूक कशाला उकरता? सौमित्रनं काय उत्तर दिलं ते विचारलं न्हाय. मला काय त्याचं.
आमटीला मीठ नव्हतं म्हणे. मला कळलं न्हाय.

८ मार्च
जेवताना ध्यानात आलं. मालक डोळ्यांपुढं स्वच्छ दिसतात. टोपी, पानानं रंगलेले ओठ. ओठ हलतात. आवाज येत न्हाय.
वय झालं की होतं असं. विद्याश्रीला म्हटलं, हे लिहू नको. पण पेन हलताना दिसलं.

१८ मार्च
निघालं. कार्डाकडं माहिती जाताना तुकडा उलटा, शेपटीकडनं जात होता. सौमित्रनं तसाच उलटा घातला आणि कुलूप उघडलं. एवढीशी चूक.
सगळे ऐकायला बसलो. मी पदर नीट केला, का कुणास ठाऊक. सौमित्र विचारतो, अज्जा, अडत कशी सुरू केली? मालक खाकरले. म्हणाले, तवा मी...
आणि एक बाई सुरू झाली. तवा तुम्ही कुठं होता, थांबा, मी सांगते.
ही कोण, विचारलं. विद्याश्री पंख्याकडं बघत होती.
बाई अडतीवरनं कुरुंदवाडच्या लग्नात गेली, लग्नातनं जावेच्या पाटल्यांवर, तिथनं आकारामच्या किल्लीवर. मध्ये मालकांचं एक हं. एक व्हय. शेवटाला सौमित्र म्हणतो, अज्जा, तुम्ही सांगा की. मालक म्हणतात, तिचं होऊ दे. मी मग सांगतो.
तिथं संपतं.
सौमित्रनं विचारलं, परत लावू? म्हटलं, शेवटचं तेवढं लाव.

१९ मार्च
विद्याश्री पेन घेऊन बसली. अत्ती, आज काय लिहू? म्हटलं, तारीख घाल आणि पान कोरं ठेव. त्यांचं सांगायचं राहिलंय.