सुनयनाला काहीही नाही

मी, जयमाला सुधीर टिपणीस, वय वर्षे अडुसष्ट, राहणार खारघर, नवी मुंबई, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र करते. मला स्मृतिभ्रंशाची सुरुवात झाली आहे. आज माझी बुद्धी शाबूत आहे, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. उद्याचं ते सांगत नाहीत, म्हणून ही घाई.

१. राहत्या फ्लॅटमधला माझा अर्धा हिस्सा आणि बँकेतल्या ठेवी माझे पती सुधीर यांना. त्यांच्या पश्चात सर्व काही आमची मुलगी श्रुती हिला.

२. पाटल्या आणि पुरणयंत्र श्रुतीला. तिला पुरण येत नाही, तरीही. समोरच्या फ्लॅटमधली सुनयना म्हात्रे, नवरा वारल्यापासून एकटीच राहते, तिने ते यंत्र दोनदा मागितलं आहे. तिला देऊ नये. वापरायलाही देऊ नये.

३. कारण नोंदवून ठेवते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांनी मला उखाण्याचा आग्रह केला. सुरुवात मी झोकात केली आणि नाव घ्यायच्या जागी येऊन थांबले. नवऱ्याचं नावच आठवेना. बायका आधी हसल्या, मग एकमेकींकडे बघू लागल्या. तेव्हा सुनयना म्हणाली, "अगं, सुधीर! सुधीर बोल ना!" माझ्या नवऱ्याचं नाव, माझ्या उखाण्यात, तिने घेतलं. माझ्या तपासण्या त्यानंतर सुरू झाल्या.

४. डॉक्टरांनी निदान सांगितलं तेही सुधीरना. "काका, काकूंना आता एकटं सोडू नका." मी समोरच बसले होते. आजार मला आणि विचारपूस यांची! सोसायटीत जो तो यांनाच विचारतो, "कसं सांभाळता हो सगळं?" सुनयना तर रोज डबा घेऊन दारात. "भावजी, जेवलात का तुमी? अळूवड्या आनल्यात." हे हसतात. माझ्याकडे बघून निदानापासून हसलेले नाहीत, नुसते बघत राहतात. मला तिचा हेवा वाटतो. स्पष्टच लिहिते.

५. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये, असं वकीलबाई म्हणाल्या. म्हणून मी सुनयनालाच साक्षीदार केलं आहे. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, हेही विचारून घेतलं.

६. "नवरा ही मिळकत नव्हे, हे कलम काढा," असं वकीलबाईंचं म्हणणं. मी काढणार नाही. मी गेल्यावर सुधीरनी एकटं राहू नये. सुनयनाकडे जेवावं, हवं तर तिच्याशी लग्नही करावं. पण मी जिवंत असेपर्यंत माझ्यासमोर तिच्याशी हसू नये. आजार वाढल्यावर हे कोण, ती कोण, मला कळणार नाही. तरी जळेन मी, नक्की जळेन.

हे सर्व मी स्वतः लिहिलं, पुन्हा वाचलं, मला समजलं, आणि मग सही केली.

जयमाला सुधीर टिपणीस

साक्षीदार :
राजश्री पेडणेकर, सोसायटीच्या सेक्रेटरी
सुनयना म्हात्रे, शेजारीण

खारघर, नवी मुंबई
११ जून २०२५