गोळ्या कचऱ्यातून काढल्या आहेत

आई,

तुम्ही फिरून येईपर्यंत थांबले असते, पण डॉक्टरीणबाईंचा फोन आला, आत्ताच ॲडमिट व्हा म्हणून. हे कामावरून परस्पर हॉस्पिटलात पोचतायत. तुम्ही धावत सुटू नका, आधी चहा घ्या.

काल सोनोग्राफीत बाळाच्या वारेवर कॅल्शियमचे पांढरे ठिपके दिसले, तेव्हापासून तुम्ही माझ्याशी धड बोलला नाहीत. मला वाटलं, माझ्यावर रागावलात. मग आज माझा रोजचा दुधाचा पेला बंद झाला आणि कचऱ्याच्या डब्यात माझ्या कॅल्शियमच्या गोळ्या सापडल्या, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. रोज जेवणानंतर तुम्हीच गोळी हातावर ठेवायचात ना.

मी बाईंना स्पष्ट विचारलं. गोळ्यांचा याच्याशी काही संबंध नाही. दिवस भरत आले की वार अशी पिकतेच, माझी आठव्यातच पिकली, एवढंच. बाळाचं वजन वाढत नाहीये, म्हणून त्यांना ठोक्यांवर लक्ष ठेवायचंय. उगाच मनाला लावून घेऊ नका.

गोळ्यांची पाकिटं पुसून फडताळात ठेवली आहेत. त्या चालूच ठेवायच्यात, संध्याकाळी घेऊन या.

माझ्या बॅगेत तुम्ही गुपचूप घातलेली झबली मात्र काढून तुमच्या पलंगावर ठेवली आहेत. मागच्या वेळी ती घडी न मोडता परत आणली होती. या वेळी मी फोन करेन, मगच आणा.

तुमची सून