गिअरबॉक्सखालचं रबर

३ फेब्रुवारी, मंगळवार

"रबरानं सोसलं की लोखंडाला सोसावं लागत नाही." बाबांचं वाक्य. मी तेव्हा नऊ वर्षांची, गाडीखाली त्यांच्या शेजारी उताणी पडून टॉर्च धरलेला. आज तशीच उताणी पडून धाकट्या भावाच्या शर्यतीच्या गाडीचा गिअरबॉक्स माउंट काढला आणि ते आठवलं.

मुठीएवढं रबर, दोन पत्र्यांच्या मध्ये. गिअरबॉक्स त्यावर टेकून असतो, म्हणून त्याची थरथर गाडीच्या अंगात जात नाही. हे एका बाजूनं फाटलंय, तेल पिऊन फुगलंय.

"तरीच गिअर बोलत नव्हता, ताई." तिसऱ्यातून चौथा पडला की नाही, हाताला कळतच नाही म्हणे. गेल्या शर्यतीत दोनदा चुकला. १५ मार्चला हंगामाची शेवटची शर्यत. माउंट बदलला की झालं!

झालं असेल तर बरं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

टेबलावर तीन माउंट मांडले. नवं रबर – थरथर गिळतं, पण ट्रॅकवर लवकर फाटतं. पॉलीचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा – त्याहून कडक, तेलाला दाद देत नाही, आवाज मात्र करतो. तिसरा अॅल्युमिनियमचा भरीव ठोकळा. तो काहीच गिळत नाही. सगळं पुढे पाठवतो.

धाकट्याची नजर ठोकळ्यावर. मी पॉली उचलला.

बोल्ट ठरल्या ताणाला आवळले आणि प्रत्येकाच्या डोक्यावरून शेजारच्या पत्र्यावर पांढरी रेघ ओढली. बोल्ट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसते. बाबांची सवय.

"पट्टी देऊ का, ताई? पेपर सुवाच्य हवा."

"गप. बारा नंबर दे."

देताना पाना त्याच्या हातातून निसटला. माझ्या कपाळापासून वीतभरावर पडला. दोघं हसलो.

८ फेब्रुवारी, रविवार

ट्रॅकवर सराव, मी शेजारी. आरशात मागचं सगळं पुसट, इतकी थरथर. माझे दात वाजत होते. वीस फेऱ्या मारून तो उतरला. "फरक नाही. अजून मऊच आहे."

मऊ!

९ फेब्रुवारी, सोमवार

बोल्ट तपासले. सगळ्या रेघा सलग.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

ठोकळाच हवा म्हणून हटून बसला. मी समजावलं – इंजिन अजून रबरावर आहे. ते जोर आला की डोलणार. गिअरबॉक्स मात्र ठोकळ्यानं जखडलेला. मग सगळा पीळ गिअरबॉक्सच्या कवचावर, नेमका माउंट बसतो त्या कानावर. कान तडकणार. कडक करायचं तर सगळंच कडक करायला हवं, आणि तेवढे सुटे भाग महिनाभरात येत नाहीत.

"ताई, एकदाच. मला हाताला कळायला हवं गं."

त्या 'गं'नं माझा घात केला. लहानपणी सायकलची मागची सीट सोडू नकोस म्हणायचा तेव्हा असाच म्हणायचा. बसवला. पंचवीस वर्षं या कामात आहे मी, आणि शिकाऊसुद्धा करणार नाही ती चूक डोळसपणे केली.

१५ फेब्रुवारी, रविवार

आजही शेजारी बसले. पत्र्याच्या डब्यात खिळे भरून कुणी हलवावा तसा आवाज. तिसऱ्या फेरीला गिअरच्या दांड्यावर, त्याच्या हातावर मी हात ठेवला. माझ्या कोपरापर्यंत मुंग्या आल्या. "आता?" मी ओरडले. त्यानं मान हलवली. नाही.

पिटमध्ये हातमोजा काढला तर तळव्यावरचा फोड फुटून रक्त आलेलं. तो हाताकडे बघत राहिला. दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. "हे कधी झालं?"

मी मलमपट्टी केली. पट्टी घट्ट झाली का, विचारलं. "ठीक आहे," म्हणाला. बोटं पांढरी पडली होती.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

गिअरबॉक्सचा कान पुसला, रॉकेल लावलं, कोरडा केला, वरून खडूची पूड चोळली. पाच मिनिटांत पांढऱ्यावर काळी रेषा उमटली. केसाएवढी. तडा.

पण मला त्या तड्याची भीती वाटत नाही. चौथ्याऐवजी दुसरा गिअर पडला तर त्या वेगाला मागची चाकं जागीच अडकतात. वळणाबाहेर भिंत आहे.

बोल्टला रेघ मारता येते. माणसाला कुठे मारायची?

२० फेब्रुवारी, शुक्रवार

बाबांनी जपलेला सुटा गिअरबॉक्स चढवला. त्याखाली नवं रबर बसवलं. धाकट्याला सांगितलं, ठोकळाच आहे.

त्याच्याशी पहिल्यांदा खोटं बोलले. खात्री करून घ्यायची होती. कशाची, ते लिहवत नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

उतरला तो हसतच. "आता बोलला बघ गिअर! ठोकळ्याशिवाय गत्यंतर नव्हतं, तुला सांगत होतो."

मी टायरची हवा बघत बसले. एकच टायर तीनदा बघितला.

२३ फेब्रुवारी, सोमवार

दिवसभर विचार करतेय. समजा हाताला कळत नाही. पण त्याचे कान तर शाबूत आहेत. ठोकळा आणि रबर यांच्या आवाजातला फरक रस्त्यावरच्या माणसालाही कळेल. मग त्याला कसा कळला नाही?

२५ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी आला. वर्कशॉपमध्ये आम्ही दोघंच. मी सरळ सांगितलं, खाली रबर आहे.

"माहीत आहे. सुरू केली तेव्हाच कळलं."

"मग असं का म्हणालास?"

"तू माउंट बदलून बदलून दमलीस, ताई. म्हटलं, संपवू."

त्याला स्टुलावर बसवलं. डोळे मिटायला लावले. अनामिका धरली. "मधलं," म्हणाला. अंगठा धरला. बराच वेळ काही नाही. मग मी हात मागे घेतला, कशालाच धरलं नाही. तो म्हणाला, "करंगळी. बरोबर ना?"

"बरोबर," मी म्हणाले.

वर्ष झालं म्हणे. शर्टाची बटणं भावजय लावते. "तिला वाटतं, लाडात आलोय." हसला. मला हसता आलं नाही.

"डॉक्टरकडे चल. उद्याच."

"शर्यतीनंतर. तू म्हणशील त्या. आधी गेलो तर मला गाडीत बसू देतील का, तूच सांग."

नाहीच देणार. म्हणून मी गप्प बसले. मी बोलायला हवं होतं.

१ मार्च, रविवार

भावजयीला सांगितलं. ती त्याच्याशी बोलली, रडली. तो आज तिच्याशी बोलत नाहीये. माझ्याशी बोलतोय, पण फक्त टायरबद्दल.

७ मार्च, शनिवार

नावनोंदणीचा कागद त्यानं बॉनेटवर ठेवला. त्यावर दोन सह्या लागतात – चालकाची आणि मेस्त्रीची. गाडी आणि चालक दोन्ही धड आहेत, असं मेस्त्रीनं लिहून द्यायचं.

"मी नाही करणार."

"मग दुसरा मेस्त्री बघतो. सही काय, कुणीही करेल."

खरं आहे ते. कुणीही करेल. आणि तो दुसरा मेस्त्री बोल्टवर रेघसुद्धा मारणार नाही.

बाबा, रबर किती सोसतं ते सांगितलंत. ते फाटलं की काय करायचं, ते राहून गेलं.

१० मार्च, मंगळवार

दुसऱ्या मेस्त्रीच्या सहीनं त्याचा कागद गेला. माउंट पुन्हा तपासला. तडा नाही, तेल नाही. रेघा सलग. आख्ख्या गाडीत एवढी एकच गोष्ट माझ्या हातात आहे, म्हणून रोज तपासतेय.

१२ मार्च, गुरुवार

कपाटात माझा ट्रॅकचा परवाना शोधत होते. दुरुस्तीनंतर दोन-चार फेऱ्या मारून बघायला लागतो म्हणून बाबांनी दोघांचे एकदमच काढले होते. मी दर वर्षी नवा करत आले, शर्यतीत मात्र कधी उतरले नाही. डिसेंबरपर्यंत चालू आहे.

१४ मार्च, शनिवार

चालक बदलायची मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत. नवा कागद आणून मी भरला. चालकाच्या रकान्यात माझं नाव, माझी सही. गाडी ओळखते मी. हातांना सगळं कळतं. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना काय होतं, ते त्याला वायरलेसवर वळणावळणाला सांगेन, तो पिटमधून ऐकेल.

मेस्त्रीचा रकाना कोरा आहे. चालक आणि मेस्त्री एकच माणूस चालत नाही, म्हणून तिथे त्याची सही हवी. आत्ता कागद घेऊन त्याच्याकडे निघालेय. पेन त्याच्या बोटांत मीच नीट बसवून देईन.

तो नाही म्हणेल.