दुसरी केली नाही

॥ श्री ॥

जव्हार,
२ मार्च २०२५

चि. प्रतिक्षा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हातात फोन असताना ताई पत्र कसली लिहिते, म्हणून हसशील. पण वसतिगृहात असल्यापासून बाबांनी दर रविवारी पत्राची सवय लावली, ती सुटत नाही. शिवाय तुझा फोन लागला तर तू ड्युटीवर असतेस आणि नाही लागला तर झोपलेली. नाशिकच्या नर्सबाईंना गाठायला पोस्टमनच बरा.

काम असं आहे. १८ मेला बाबांना जाऊन वर्ष होईल. नवसू गुरुजींनी मनावर घेतलं आहे. बाबांबरोबर एका शाळेत वीस वर्षं काढलेला माणूस, तो स्वस्थ कसा बसेल? गावी पोशेऱ्याला शाळेच्या पटांगणात सभा घ्यायची आणि एक लहानशी पुस्तिका छापायची, असं ठरलं आहे. मुलींतर्फे लेख तू लिहायचास. मी पडले सरकारी कार्यालयातली कारकून. मी लिहिलं तर बाबांच्या डोक्यावर जावक क्रमांक पडेल.

आई बरी आहे. रंगू आत्या खोडाळ्याहून येऊन गेली. भावाच्या नावानं भरपूर रडली आणि जाता जाता आईला नेहमीचं ऐकवलंच, की दोन पोरींवर कूस आटलेल्या बाईला दुसऱ्या कोणी कधीच माहेरी धाडलं असतं, पण माझ्या भावानं दुसरी केली नाही. आईनं खाली मान घालून तिच्या पिशवीत वरी भरली. मी दहा वर्षांची असल्यापासून हे वाक्य ऐकते आहे. खरं असलं तरी किती वेळा ऐकायचं?

लेखाचं लवकर बघ. लोभ आहे, तो उतू जाऊ दे.

तुझी ताई,
भारती


नाशिक,
९ मार्च २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

लेख अर्धा झाला. दोनदा रडले, एकदा वॉर्डातच. मावशींना वाटलं पेशंट गेला.

काय काय लिहू गं? आई आजारी असली की बाबा आपल्या वेण्या घालायचे. एक वर, एक खाली. शाळेत तेच गुरुजी, त्यामुळे कोणाची हसायची टाप नव्हती. शाळा सुटल्यावर आई पाटीवर 'क' गिरवायची आणि बाबा चूल फुंकत बसायचे, हेही घेतलं आहे. माझ्या जन्माच्या वेळी आईचा रक्तस्राव थांबेना, तेव्हा भर श्रावणात डोली करून तिला रस्त्यापर्यंत आणली आणि पुढचा खांदा बाबांनी एकदाही बदलू दिला नाही, ते तर घेतलंच.

भगताच्या मुळ्यांचाही प्रसंग आहे. आई मुलगा व्हावा म्हणून ती कडू मुळी उगाळून प्यायली आणि आठ दिवस उलट्या करत होती. बाबा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसून असायचे.

शेवट आत्याच्या वाक्यावर केला आहे. तिनं खोडाळ्याची मुलगी बघून ठेवली होती, घरात माणसं जमली होती आणि बाबांनी सगळ्यांसमोर हात जोडून सांगितलं, की मुलगा होवो न होवो, मला माझी तुळशी पुरे आहे. त्या दिवसापासून गावानं अर्जुन गुरुजींना देवमाणूस म्हटलं. असा नवरा, असा बाप कोणाला मिळतो, असं विचारून लेख संपवते आहे. चालेल ना?

शिमग्याला पोशेऱ्याला जाशील तेव्हा बाबांच्या पेटीतून त्यांचा तरुणपणचा फोटो काढ. आईला उगाच शोधायला लावू नकोस.

माया ठेव, थोडी जास्तच.

तुझी,
प्रतिक्षा


जव्हार,
१७ मार्च २०२५

चि. प्रतिक्षा हिस,
आशीर्वाद.

लेख छापायला देऊ नकोस. हे फोनवर सांगता येणार नाही.

आई होळीच्या पोळ्या लाटत होती तेव्हा मी पेटी उघडली. फोटो मिळाला. त्याच्या खाली, शर्टांच्या तळाशी एक पाकीट होतं. आत दोन कागद, एकाच टाचणीनं टोचलेले. पहिला तुझ्या वेळचा आईचा, दवाखान्यातून घरी सोडल्याचा. त्यावर डॉक्टरांनी लिहिलं आहे, की पुन्हा दिवस राहिले तर जिवाला धोका आहे. तारीख सप्टेंबर १९९७. दुसरा कागद त्याच वर्षीच्या डिसेंबरातला. अर्जुन या इसमाची पुरुष नसबंदीची शस्त्रक्रिया झाल्याचा दाखला.

मी तो तीनदा वाचला. नाव, गाव, वय, सगळं बाबांचंच.

आईला हे माहीत नाही. माहीत असतं तर ती डहाणूच्या महालक्ष्मीचा गड अनवाणी चढली असती का? रंगू आत्यासमोर मान खाली घातली असती का? खोट आपल्यातच आहे, असं धरून ती सव्वीस वर्षं जगली. आणि बाबा शेजारी बसून होते.

कागद होते तसे ठेवून दिले. आईनं पोळी वाढली, ती कशीबशी गिळली. तिनं विचारलं की डोळे का लाल आहेत. चुलीचा धूर म्हणाले.

काय करायचं ते कळव. माझी अक्कल चालत नाही.

भारती


नाशिक,
२४ मार्च २०२५

ती. ताईस,
नमस्कार.

मी नर्स आहे, त्यामुळे आधी नर्सचं बोलणं ऐक. त्यांनी ऑपरेशन करून घेतलं ते शंभर टक्के योग्य केलं. आई तेव्हा इतकी अशक्त होती, की तिच्यावर चाकू चालवण्यापेक्षा त्यांनी स्वतःवर चालवून घेतला. असे नवरे मी अख्ख्या नोकरीत तीन पाहिले.

आता मुलीचं ऐक. मला त्यांचा इतका संताप आला आहे, की त्यांचा फोटो मी भिंतीकडे तोंड करून ठेवला आहे. ताई, ती मुळी! आठ दिवस उलट्या! ते तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि त्यांना माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं. मी तो प्रसंग लेखात प्रेमाचा म्हणून लिहिला होता. लेख फाडून टाकला.

आणि दुसरी केली नाही म्हणे! दुसरी करून काय होणार होतं? दुसरीलाही मूल झालं नसतं आणि पितळ उघडं पडलं असतं. त्याचे हार मात्र गळ्यात घालून घेतले. चूक स्वतःची, क्षमा केल्याचं पुण्यही स्वतःलाच. आपल्याला 'खोटं बोलू नये' पन्नास वेळा लिहायला लावणारा हाच माणूस ना?

आईला लगेच सांग. या रविवारीच सांग.

चिडलेली असले तरी तुझीच,
प्रतिक्षा


जव्हार,
१३ एप्रिल २०२५

चि. प्रतिक्षा हिस,
आशीर्वाद. राग थोडा खाली ठेवून वाच.

नवसू गुरुजींना गाठलं. कागदाचं नाव काढताच त्यांनी सगळं सांगून टाकलं. नसबंदीच्या शिबिराला बाबांना मोटारसायकलवरून नेलं ते त्यांनीच. बाबांनी त्यांना तुझ्या-माझ्या गळ्याची शपथ घातली होती. गावात कळलं असतं तर लोक बाबांना बायल्या म्हणाले असते, आजीनं घर डोक्यावर घेतलं असतं, आणि आई तर मुलाची आस धरून बसलेली. तिला दिवाळी झाल्यावर सांगू, मग होळी झाल्यावर सांगू, असं बाबा म्हणत राहिले. खोडाळ्याच्या मुलीचा प्रसंग झाला आणि गाव पाया पडायला लागलं. त्यानंतर बाबांनी हा विषयच काढला नाही, असं गुरुजी म्हणाले.

मी पुष्कळ विचार केला. १८ मे होईपर्यंत आईला सांगायचं नाही. तिचं बी.पी. तुला माहीत आहे. ठरल्यापासून ती या सभेवर डोळे लावून बसली आहे. नवऱ्याचं नाव चारचौघांत निघेल म्हणून नवं लुगडं घेऊन ठेवलं आहे. तो दिवस तिला सुखानं जाऊ दे. नंतर बघू, कधी आणि कसं ते. हे मी तिच्या भल्यासाठीच म्हणते आहे. मोठ्या बहिणीचं एवढं ऐक आणि लेख नव्यानं लिहून दे, साधासा.

१ मेपासून आठवडाभर रजा टाकली आहे. पोशेऱ्यालाच असेन, उत्तर तिकडे पाठव.

लोभ कमी करू नकोस.

भारती


नाशिक,
२८ एप्रिल २०२५

ती. ताईस,
नमस्कार.

तू म्हणतेस म्हणून गप्प राहते. मनातून पटलेलं नाही. लेख सोबत जोडला आहे. त्यात वेण्या आहेत, डोली आहे. ऑपरेशनचा दाखला नाही आणि 'दुसरी केली नाही' हेही नाही. आत्या वाचायला सांगेल तेव्हा तिला ती ओळ ऐकायला मिळणार नाही, एवढंच माझं समाधान.

पाकीट पेटीत शर्टांखाली नीट आहे ना, ते बघ. सभेच्या गडबडीत आईनं पेटी उघडली तर पंचाईत होईल. सतरा तारखेला येते.

तुझी,
प्रतिक्षा


पोशेरा,
६ मे २०२५

चि. भारती आणि चि. प्रतिक्षा यांस,
आईचे आशीर्वाद.

एकच पत्र दोघींना लिहिते. भारतीनं याची नक्कल काढून प्रतिक्षाला पाठवावी. दोन वेळा लिहायची माझ्यात ताकद नाही.

भारती, तुझी रजा नामंजूर झाली, तू आली नाहीस. शनिवारी प्रतिक्षाचं पत्र आलं. आपल्या घरात पोरीचं पत्र ज्याच्या हाती पडेल त्यानं फोडायचं, अशीच रीत आहे. मी फोडलं. मग पेटी उघडली. मला वाचायला त्यांनीच शिकवलं होतं, म्हणून कोणाकडे जावं लागलं नाही. दोन्ही कागद मीच वाचले.

पोरींनो, मला राग त्या ऑपरेशनचा नाही. मला विचारलं असतं तर मी रडले असते, भांडले असते, मग ऐकलंही असतं. नसतंही ऐकलं कदाचित. पण जीव माझा होता ना?

तुम्हाला एक ठाऊक नाही. खोडाळ्याच्या मुलीला ते नाही म्हणाले त्या दिवशी सगळी माणसं गेल्यावर मी त्यांच्या पाया पडले. माझ्यात खोट असून तुम्ही मला ठेवलं, असं म्हणाले. त्यांनी मला पडू दिलं. डोक्यावर हात ठेवला आणि काही बोलले नाहीत. तो हात आजवर मला आशीर्वादाचा वाटत होता. रविवारी सकाळी मी डोक्यावरून पाणी घेतलं. तरी जात नाही.

काल रंगूताईला बोलावून घेतलं आणि कागद वाचून दाखवला. ती आधी म्हणाली की हे खोटं आहे. मग कपाळावर हात मारून घेतला. मग म्हणाली, की वहिनी, गावात बोलू नको, भावाची अब्रू जाईल. मी तिला विचारलं, की माझी इतकी वर्षं जात होती ती तुला दिसली नाही का? ती उठून गेली. वरी द्यायची राहिली, आणि राहिली ते बरं झालं.

ते वाईट नव्हते. मला बाळंतपणातून वाचवलं ते खरं, तुमच्या वेण्या घातल्या त्याही खऱ्या. म्हणून तर जास्त लागतं. वाईट माणसानं फसवलं असतं तर मी कधीच उठून उभी राहिले असते.

पण ते गेले, त्यांच्याशी आता भांडू कशी? तुम्ही दोघी आहात. भारती, शिमग्यापासून तू पाच वेळा आलीस, माझ्या हातचं जेवलीस, माझी वेणी घातलीस. मला काही सांगितलं नाहीस. प्रतिक्षा, तू ताई म्हणते म्हणून गप्प बसलीस. आणि हे सगळं माझ्या भल्यासाठी. तेही हेच म्हणाले असते. पोरी बापावर गेल्या, असं लोक म्हणायचे तेव्हा मला अभिमान वाटायचा.

सभा होऊ दे. लेख वाचायचा नाही. मी बोलणार आहे. डोलीचं सांगेन, पाटीचं सांगेन आणि कागदाचंही सांगेन. नवसू भाऊजींना कळवलं. लोक काय म्हणतील, अशी त्यांना भीती पडली आहे. लोक माझ्याबद्दल म्हणतच होते, आता तुमच्या बाबांबद्दल म्हणतील. नवं लुगडं मात्र नेसणार आहे.

दोघी या. रागावले आहे म्हणून भाकर मिळणार नाही, असं समजू नका.

लोभ असू द्या. पण मला विचारून.

तुमची आई,
तुळशी