उत्तर दिलं नाही

दि. ४ जून

चि. खारूताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या सहीचं पत्र मिळालं, म्हणजे तुमच्या कंपनीचं. भागधारकांच्या तक्रारींना उत्तरं द्यायला तिथं तू बसतेस हे ठाऊक होतं, पण सख्ख्या मामाला ‘मान्यवर भागधारक’ म्हणशील असं वाटलं नव्हतं. मामी अजून हसतेय.

मला मात्र हसू येत नाही. शेअर दोन दिवसांत निम्म्यावर आला आणि तुम्ही लिहिता, ‘बाजारातील तात्पुरती अस्थिरता’. अगं, पंपांची सीलं गळताहेत, गिऱ्हाइकं माल परत पाठवताहेत, हे पेपरात आलं म्हणून शेअर पडला. त्याच कंपनीत मी छत्तीस वर्षं पंप तपासले. त्या आवाजात कान गेले, म्हणून तर फोन सोडून पत्रं लिहितो. निवृत्त होताना मिळालेले शेअर्स मामीच्या गुडघ्यांसाठी राखून ठेवले होते. आता डॉक्टरांना काय सांगू, अस्थिरता आहे म्हणून?

वार्षिक सभेला मी येणार आणि विचारणार. पगार घेऊन पोपटपंची करणाऱ्यांनी आडवं येऊ नये.

रागात लिहिलंय, तरी लोभ आहेच.
तुझा,
मामा


दि. ९ जून

ति. मामांस,
कृ. सा. न. वि. वि.

पोपटपंची फार लागली. तो मजकूर वरून येतो, मी फक्त नाव घालते. रोज साठ-सत्तर पत्रं येतात आणि प्रत्येकात कुणाची तरी मामी असते. वाचून घरी गेलं की घास उतरत नाही.

सभेत फिरता माइक माझ्याकडे आहे. प्रत्येकाला दोन मिनिटं, मग माइक काढून घ्यायचा, असा साहेबांचा हुकूम आहे. आई गेल्यावर माझी फी तुम्ही ओव्हरटाइम करून भरलीत, तोही याच कंपनीत. माझी भाकरीही आता तिथलीच. तुमच्या हातातून माइक ओढायची पाळी माझ्यावर आणू नका, एवढंच मागते.

मामीला जिने चढू देऊ नका. रागावलात तरी माया पातळ करू नका.
तुमची,
खारूताई


दि. २८ जून

ति. मामीस,
सा. न. वि. वि.

मामांनी घरी येऊन ‘झालं बरं’ एवढंच सांगितलं असणार, म्हणून मीच सविस्तर लिहिते.

हॉल खच्चून भरला होता. कुणी राजीनामे मागत होतं, कुणी भाव कधी चढणार म्हणून ओरडत होतं. मामांनी भावाचं नावही काढलं नाही. ते म्हणाले, आमच्या वेळी प्रत्येक पंप आठ तास चालवल्याशिवाय फाटकाबाहेर जात नसे. ते आठ तास कुणी कमी केले? आणि सीलं गळतात हे आम्हाला पेपरातून का कळावं? अध्यक्षांनी आभार मानले, सूचनेची नोंद घेतल्याचं सांगितलं आणि माइक काढून घे म्हणून मला खूण केली.

मामांना त्यातलं अक्षरही ऐकू आलं नव्हतं. काय म्हणाले, असं त्यांनी मला विचारलं. मी पॅडवर लिहिलं, ‘उत्तर दिलं नाही.’ मामांनी चष्मा लावला आणि ते तसंच्या तसं माइकमध्ये खणखणीत वाचलं! आधी हशा पिकला. मग मागच्या रांगांतून एकेक जण उठून मामांचाच प्रश्न विचारू लागला. माइक मी काढून घेतला नाही. शेवटी अध्यक्षांना कबूल करावं लागलं, की खर्च वाचवायला तपासणी एका तासावर आणली होती आणि तक्रारी सहा महिन्यांपासून येत होत्या.

उद्या साहेबांनी वर बोलावलंय. नोकरी बहुतेक जाईल. तरी आज पोटभर जेवले, मामी. मामांना रागावू नकोस. त्यांच्यामुळे आज मला एक खरं वाक्य लिहिता आलं.

आहे तशी माया असू दे.
तुझी,
खारूताई


दि. २० ऑगस्ट

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

साहेबांनी तुला झाप झाप झापलं, पण काढलं नाही, उलट समोर बसवून भागधारकांची सगळी पत्रं वाचून घेतली, हे तू कळवल्यापासून मामी रात्री झोपते. आता कंपनीचंही नवं पत्र आलंय. आठ तासांची तपासणी पुन्हा सुरू, गळके पंप बदलून देणार, वरच्या मंडळींनी यंदाचा बोनस सोडला. खाली तुझी सही. या वेळी वाक्यंही तुझीच, ओळखली मी.

शेअर अजून खालीच आहे. थोडे विकून एका गुडघ्याचं ऑपरेशन उरकलं. दुसरा कंपनीच्या भरवशावर सोडू, असं मामी म्हणते. काल काठी घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन आली आणि तिथल्या बाकावर बसून चक्क गप्पा मारत होती.

तुला पोपट म्हणालो, ते चुकलंच. तू माइक ओढला असतास तरी मी समजून घेतलं असतं. नाही ओढलास, याचे उपकार कसे मानायचे ते या वयात मला कुणी शिकवलेलं नाही.

सभा संपल्यावर शेजारच्या गृहस्थांनी कागदावर लिहून विचारलं, की ती माइकवाली तुमची कोण. मी चटकन सांगितलं, माझी लेक. भाची म्हणायचं विसरलो. मामी म्हणते, विसरला नव्हतात.

लोभ असाच वाढत जावा.
तुझा,
मामा