ब्याऐंशीवर उघडणारी डबी

३ फेब्रुवारी १९८६, सोमवार
काल तिसऱ्यांदा. नेसरीच्या पुढच्या चढावर इंजिनच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्यात, बॉनेटमधून वाफ. पाऊण तास रस्त्याच्या कडेला. उसाच्या ट्रॅक्टरवाल्याने घागरभर पाणी दिलं, वर सल्ला : "बाईमान्सानं असली गाडी चालवू न्हाय." मी तीस वर्षं चालवतेय. त्याचं वयही तेवढं नसेल.
चंदगडला पोचलेच नाही. फिलू खुबा मोडून पडली आहे, एकटी. शाळेपासूनची मैत्रीण. दर पंधरा दिवसांनी जाते तर तेवढंच तिला कुणी बोलायला. एसटीने दोन बस बदलायच्या, माझ्या गुडघ्यांनी ते आता होत नाही.
संध्याकाळी दिलीप आला, अण्णांचा मुलगा. अण्णा गेल्यावर गाडी मीच वापरते, पण कागद त्याच्या नावावर. "आत्या, देऊन टाकू. बावड्याचे पाटील मागतायत. जर्मनीची टर्बो गाडी आपल्या हवेला नाही सोसत." वर म्हणे, मी गिअर उशिरा बदलते.
गिअर!!

५ फेब्रु., बुध.
दि.शी करार. रविवारी १६ तारखेला मी गाडी चढावर न थांबवता चंदगडला नेईन. तो आणि पाटील मागे बसतील. पोचले तर कागद माझ्या नावावर. नाहीतर गाडी पाटलांची. दि. हसला. हसू दे.
विचित्र हे की, सपाटीवर काटा वरच येत नाही. शिवाजी पेठेपासून कागलपर्यंत इंजिन गारच. तेलाच्या टोपणाखाली पांढरा लोण्यासारखा थर. गार राहणारं इंजिन चढावर उकळतं कसं? गिअरने? अण्णांचं गाडीचं पुस्तक काढलंय.

७ फेब्रु., शुक्र.
सापडलं. उद्यमनगरात बाबालाल मिस्त्रींकडे गेले, म्हटलं, थर्मोस्टॅट दाखवा. मिस्त्री पान चघळत, अगदी शांतपणे : "ते व्हय? दोन वर्सं झाली काढून. आपल्याकडं ऊन कसलं बाई! पाण्याला अडवायची डबी हवी कशाला? मी सगळ्याच गाड्यांची काढतोय की."
सगळ्याच गाड्यांची! उपकार केल्यासारखं.
पुस्तकातलं चित्र त्यांच्यापुढे धरलं. पाणी तापलं की ही डबी रेडिएटरकडची वाट उघडते आणि त्याच वेळी खालच्या चकतीने इंजिनकडे परत जाणारी आडवाट बंद करते. डबीच नसेल तर आडवाट कायम उघडी. चढावर निम्मं उकळतं पाणी रेडिएटरला न शिवता परत इंजिनात. सपाटीवर उलट, थंड पाणी सारखं फिरत राहतं, इंजिन तापतच नाही.
मिस्त्रींनी चित्र उलटं धरून पाहिलं, मग सुलटं. "आयला." मग, "माफ करा बाई."
केलं. लगेच नाही.

९ फेब्रु., रवि.
अण्णांच्या पेटीत नवीन डबी मिळाली, कंपनीची, ८८ अंशांना उघडणारी. मिस्त्रींनी बसवली. पन्हाळ्याच्या चढावर गेलो. काटा अगदी मधोमध! मी मोठ्याने ओरडले, मिस्त्री दचकले.
पण वरच्या वळणावर टर्बोचा जोर लागला आणि इंजिनमध्ये डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज.
"ऐकताय न्हवं? नॉकिंग हाय. असंच दामटलं तर पिस्टनला भोक पडंल. तितलं पेट्रोल येगळं, हितलं येगळं."
खरं आहे. पुस्तक जर्मनीत छापलंय. टर्बो हवा दाबून आधीच तापवतो, वर इंजिन ८८ वर, आणि पेट्रोल आपलं हे असं, वेळेआधीच पेट घेणारं. मी पुस्तकावर अडून बसले होते. चुकले. इथे लिहिते, त्यांना सांगणार नाही.
(सांगितलं. त्यांना इतका आनंद झाला की चहा मागवला.)

११ फेब्रु., मंगळ.
आता मिस्त्रींचा हट्ट : ७१ ची घाला, जीपची. "जितकं गार तितकं चांगलं की."
नाही. ७१ वर इंजिन पुन्हा कोमटच राहणार, तेलातलं पाणी उडणार नाही, पांढरा थर परत. आणि टर्बोचा दांडा त्याच तेलावर फिरतो. शिवाय चढावर डबीचं दार पूर्ण उघडंच असतं. पुढचं काम रेडिएटरचं. लवकर उघडून रेडिएटर मोठा होत नाही.
अर्धा तास भांडलो. शेजारचे वेल्डिंगवाले काम सोडून ऐकत होते.
ठरलं : ८२. टॅक्सीच्या गाडीची डबी. खालची चकती आडवाटेवर नेमकी बसते, मिस्त्रींनी मापून पाहिलं.

१३ फेब्रु., गुरु.
दुकानातून तीन डब्या आणल्या. तिन्हींवर ८२ चा छाप. मिस्त्री म्हणाले, कुठलीही घालू. मी त्यांना घरी आणलं, स्टोव्हवर दुधाचं पातेलं, पाणी, शिक्षिका म्हणून निवृत्त होताना शाळेने दिलेला थर्मामीटर. लहानपणी कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर थर्मामीटर डोळ्यांच्या रेषेत धरायला लावायच्या, नाहीतर हातावर पट्टी. आज मिस्त्रींना तसाच धरायला लावला.
पहिली डबी ७४ ला उघडली. दुसरी पाणी उकळलं तरी ढिम्म. "आत्ता! ही तर मुकीच हाय की!" तीच घातली असती तर रविवारी काय झालं असतं? तिसरी ८३ ला हलली. दोनदा पाहिलं, दोन्हीदा ८३.
पाणी ९८ लाच उकळलं म्हणून मिस्त्री थर्मामीटरला खोटा म्हणाले. म्हटलं, खोटा नाही, कोल्हापूर उंचावर आहे. पटलं नसावं. पण तिसरी डबी रुमालात बांधून घेऊन गेले, सोनं असल्यासारखी.

१६ फेब्रु., रवि.
पोचलो! एकदाही न थांबता. नेसरीच्या पुढे काटा मध्याच्या जरा खालपर्यंत चढला, तिथेच राहिला. खडे नाहीत. मिस्त्री पुढे बसून सारखे कान देत होते. पाटील मागून : "बाई, जरा हळू!" मी तिसऱ्या गिअरमध्ये एसटी मागे टाकली.
दि. माझ्या गिअरवरच्या हाताकडे बघत होता.
फिलू काठी टेकत दारापर्यंत आली. तिला गाडीत बसवून बाजारपेठेतून फिरवून आणली. डॉक्टरांना कळवायचं नाही. पाटलांना काजू खायला दिले, बिचारे पांढरे पडले होते.

१७ फेब्रु., सोम.
पाटील सकाळीच दि.कडे हजर. "आता तर घेनारच. चालती गाडी हाय." दि.ने मला येऊन सांगितलं, नजर चुकवत. म्हटलं, तुझा शब्द? "आत्या, शब्द दिलाय, पण मे महिन्यात काय? तेव्हा उकळली म्हणजे?"
"मे महिन्यात मी चंदगडला असेन. ये बघायला."
कागद टेबलावर ठेवले, पेन हातात दिलं. म्हणाला, "एकदा बॉनेट उघडून बघतो."
हे लिहितेय तेव्हा तो अंगणात उभा आहे, गाडी बघायला आलेल्या मिस्त्रींना डबी कुठे बसते ते विचारतोय. सही अजून नाही, पेन त्याच्या खिशात.